अक्षराच्या आधीं गोष्ट : ठाणें जिल्ह्यांतील बालशिक्षणाचा एक वृत्तांत

महोत्सवी स्मरणिकेंत मंदिराचा पाया केव्हां घातला गेला, घंटा कोठून आली, शाळेच्या भिंती कोणत्या सालीं उभ्या राहिल्या, हा वृत्तांत असावयाचाच. आणि तो असणें योग्यहि आहे. परंतु प्रत्येक शाळेच्या इतिहासाचा एक भाग असा असतो कीं, तो कोणत्याहि शिळेवर कोरिला जात नाहीं. शाळेची पायरी प्रथमच चढणाऱ्या तीन-चार वर्षांच्या मुलाच्या तोंडीं शाळेची भाषा कशी आली, आणि ती यावी म्हणून कोणीं काय केलें, हा तो भाग होय. त्याचीच थोडी हकीकत वाचकांपुढें ठेवावी, असा या लेखाचा हेतु आहे.

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. बालवर्गांतील खेळ आणि गोष्ट यांस पुष्कळ लोक शिक्षणापूर्वींची करमणूक समजतात. पाटीवर अ उमटला म्हणजे खरें शिक्षण सुरू झालें, असा त्यांचा समज असतो. वस्तुस्थिति याच्या उलट आहे. अक्षरें हीं बोलण्याचें चित्र होत. ज्याच्याजवळ बोलणेंच तोकडें, त्याला तें चित्र ओळखतां आलें तरी त्यांतून अर्थ कोठून लाभणार? आणि बोलणें मुलाजवळ येतें तें खेळतां खेळतां व गोष्ट ऐकतां ऐकतां. हें सत्य केवळ परदेशीय पंडितांच्या ग्रंथांत वाचावयाचें, असें नाहीं. आमच्याच जुन्या ठाणें जिल्ह्यांत, समुद्रकांठच्या एका गांवीं व डोंगराळ पाड्यांवर, कित्येक दशकें तें प्रत्यक्ष आचरून दाखविण्यांत आलें आहे.

प्रथम आमच्या तीन गांवांकडे पाहूं. कारण भाषेचा प्रश्न येथें जितका नाजूक आहे तितका फार थोड्या ठिकाणीं असेल. कल्याणहून घाटाच्या पायथ्याकडे जाणारा लोहमार्ग १८५६ सालीं खुला झाला आणि बदलापूर त्या मार्गावर आलें. अंबरनाथचें शिलाहारकालीन शिवालय तर अकराव्या शतकांतलें. परंतु त्या जुन्या गांवाचें आजचें रूप घडविलें तें कारखान्यांनीं. प्रथम आगकाड्यांचा मोठा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने निघाले. पुढें औद्योगिक वसाहत वाढली. आणि कामाच्या शोधांत मलबारापासून उत्तर हिंदुस्थानापर्यंतचीं कुटुंबें येथें येऊन राहिलीं. उल्हासनगराचा जन्म तर दुःखांतूनच झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं कल्याणजवळ सैन्यासाठीं ज्या छावण्या उभारल्या होत्या, त्यांत १९४७ च्या फाळणीनंतर सुमारें एक लाख सिंधी निर्वासितांस आणून ठेवण्यांत आलें; आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसविली जाऊन उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हें नांव मिळालें.

याचा परिणाम असा झाला कीं, या तीन गांवांतील एखाद्या बालवर्गांत वीस मुलें बसलीं असतां त्यांच्या घरीं पांच-सहा भाषा बोलल्या जात असाव्या, यांत नवल उरलें नाहीं. कोणाच्या घरीं सिंधी, कोणाच्या घरीं मल्याळी अथवा तमिळ, कोणाच्या घरीं हिंदी, कोणाच्या घरीं कोंकणी. बदलापुराच्या पलीकडील डोंगरांत ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या आहेत. तेथील मुलाची बोली मराठीच्या कुळांतली खरी, परंतु पुस्तकी मराठीपासून ती बरीच दूर. फार काय, ज्यास आपण मराठी घर म्हणतों तेथेंहि कोणी मालवणी बोलतो, कोणी खानदेशी, कोणी आगरी. आमच्या उपासनेस येणाऱ्या कुटुंबांचीच भाषावार मोजदाद केली तरी याचा प्रत्यय येईल.

आतां अशा घरांतून आलेल्या मुलापुढें मराठी काय मागणी करिते तें पाहा. हिंदींत व सिंधींत लिंगें दोन, मराठींत तीन. तो कावळा, ती चिमणी आणि तें पाखरूं. कावळा उडाला, चिमणी उडाली, पाखरूं उडालें. मराठी घरांतील मुलास हें कोणीं शिकविलेलें नसतें. शेंकडों वेळां ऐकून तें त्याच्या अंगीं मुरलेलें असतें. सिंधी घरांतील मुलास तें नपुंसकलिंग मुळींच ओळखीचें नसतें. तीच गोष्ट ‘ळ’ या वर्णाची. फळ, बाळ, भोपळा यांतला तो ध्वनि हिंदी वा सिंधी ऐकत वाढलेल्या कानास नवा. मल्याळी वा तमिळ मुलास मात्र तो जवळचा. पण त्याला दुसऱ्या अडचणी असतात. व्याकरणाचा नियम चार वर्षांच्या मुलास सांगून समजणार नाहीं. त्याला ऐकावयास मिळालें पाहिजे. तेंहि पुनःपुन्हां, आणि आवडीनें.

तें जर मिळालें नाहीं तर काय घडतें, हें प्रत्येक अनुभवी शिक्षिकेस ठाऊक आहे. मूल गप्प बसतें. घरीं अखंड बडबडणारें तें मूल शाळेंत महिनोन् महिने तोंड उघडीत नाहीं. आणि मग कोणी त्यास लाजरें म्हणतो, कोणी हट्टी, कोणी मंद. यांतला शेवटचा शब्द एकदां चिकटला म्हणजे तो निघत नाहीं. पहिल्या इयत्तेंत मूल अक्षरें गिरवितें, दुसरींत धडा घोकून दाखवितें, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षीं, जेव्हां वाचून समजावें लागतें तेव्हां, तें मागें पडतें. वास्तविक तें मूल केव्हांहि मुकें नव्हतें. त्याची भाषा ऐकण्यास तेथें कोणी नव्हतें, एवढेंच. खेळ व गोष्ट यांचा विषय आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो याच कारणानें. एका मुलाच्या साऱ्या पुढील विद्येचा व आत्मविश्वासाचा प्रश्न त्यांत गुंतलेला असतो.

हा विचार जगांत कसा आला, तें थोडक्यांत सांगूं. जर्मनींत फ्रेडरिक फ्रोबेल यानें १८३७ सालीं लहान मुलांसाठीं एक संस्था काढिली व १८४० सालीं तिला किंडरगार्टन, म्हणजे बालकांची बाग, असें नांव दिलें. आयांनीं मुलांस खेळवितांना म्हणावयाचीं गाणीं व बोटांचे खेळ यांचा संग्रह त्यानें १८४४ सालीं प्रसिद्ध केला. कारण मुलाची पहिली शाळा आईची मांडी होय, हें त्याच्या ध्यानीं आलें होतें. प्रशियाच्या सरकारास या बागांचें इतकें भय वाटलें कीं, १८५१ सालीं त्यांवर बंदी घालण्यांत आली! आमच्या महाराष्ट्रांत या पद्धतीकडे आरंभींच ज्यांचें लक्ष गेलें त्यांत पंडिता रमाबाईंचें नांव अग्रगण्य होय. १८८६ ते १८८८ या काळांत अमेरिकेंत असतांना त्यांनीं फ्रोबेलच्या पद्धतीचा अभ्यास केला, आणि परत आल्यावर १८८९ सालीं मुंबईस शारदासदन स्थापिलें.

पुढें रोम शहरांतील सान लोरेंझो या गरिबांच्या वस्तींत डॉ. मारिया माँटेसरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं आपलें पहिलें बालगृह उघडिलें. मुलानें हातानें काम करावें, स्पर्शानें आकार ओळखावा, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवावें, आणि योग्य वेळ आली म्हणजे आपण होऊन लिहूं लागावें, ही त्यांची रीति. १९३९ सालीं त्या हिंदुस्थानांत आल्या आणि महायुद्धाचीं वर्षें येथेंच राहून त्यांनीं मोठ्या संख्येनें शिक्षक तयार केले.

परंतु त्यांच्या येण्यापूर्वींच भावनगरास गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर सुरू केलें होतें. गिजुभाई वकिली सोडून शिक्षक झालेले गृहस्थ. माँटेसरींची पद्धति त्यांनीं मनापासून स्वीकारिली; परंतु डोळे मिटून नव्हे. डॉ. माँटेसरींस लहान मुलांपुढें कल्पित कथा मांडणें फारसें पसंत नव्हतें. गिजुभाईंनीं मात्र लोककथा, गाणीं व नाटुकलीं यांस बालमंदिरांत मानाचें स्थान दिलें. गोष्ट कशी निवडावी व कशी सांगावी, यावर त्यांनीं स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकांतील कल्पित शिक्षक चौथीच्या दंगेखोर वर्गास ताब्यांत आणतो तो छडीनें नव्हे, तर गोष्टीनें. आपल्या देशांतील बालशिक्षणास हें वळण लागलें, याबद्दल आपण गिजुभाईंचे ऋणी आहों.

त्यांच्याजवळ १९२३ सालीं एक मराठी विदुषी येऊन दाखल झाल्या. त्या ताराबाई मोडक. १८९२ सालीं मुंबईस जन्मलेल्या, मुंबई विश्वविद्यालयाच्या पदवीधर, राजकोट येथील स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्रमुख, अशा ताराबाईंनीं तो मानाचा मार्ग सोडून लहान मुलांच्या सहवासांत राहणें पत्करिलें. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ प्रथम गुजराथींत निघे. १९३३ पासून ताराबाई ती मराठींतहि काढूं लागल्या. १९३६ सालीं त्यांनीं दादर येथें शिशुविहार सुरू केलें. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ताराबाईंची मातृभाषा मराठी, आणि त्यांची पहिलीं कित्येक वर्षें गेलीं तीं गुजराथी बोलणाऱ्या मुलांमध्यें. दुसऱ्याच्या भाषेच्या अंगणांत पाहुणा होऊन राहणें म्हणजे काय, हें त्या स्वतः जाणत होत्या.

शहरांतील बालमंदिरें चांगलीं चाललीं. परंतु तीं सुखवस्तु लोकांच्या मुलांसाठीं. त्यांचीं साधनें महाग, आणि देश तर खेड्यांचा. १९४४ सालच्या सार्जंट योजनेंत तीन ते सहा वर्षांच्या दहा लक्ष मुलांसाठीं बालशाळांची सोय करावी, अशी शिफारस झाली होती. १९४५ च्या जानेवारींत सेवाग्राम येथील परिषदेनें नई तालीमेच्या कक्षेंत पूर्वबुनियादी शिक्षणाचाहि समावेश केला. त्याच वर्षीं ताराबाईंनीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढिलें. बोर्डी हें गांव त्या काळीं आमच्या ठाणें जिल्ह्यांत होतें. १ ऑगस्ट २०१४ पासून तें नव्या पालघर जिल्ह्यांत गेलें आहे. ताराबाईंस तेथें सहकारिणी लाभल्या त्या अनुताई वाघ. १९१० सालीं जन्मलेल्या, बालपणींच वैधव्य आलेल्या आणि स्वकष्टानें शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई १९४५ पासून १९९२ सालीं देहावसान होईपर्यंत या कार्यांत राहिल्या.

बोर्डी येथें पहिला प्रश्न आला तो साधनांचा. परदेशीय पेट्या व मणी खेड्यांत कोण आणणार? मग शंख-शिंपले, चिंचोके, गोटे, पानें, फुलें, माती हींच साधनें ठरलीं. यांत काटकसर होतीच. परंतु भाषेच्या दृष्टीनें याहून मोठा लाभ झाला. दुकानांतून आणलेल्या वस्तूचें नांव मुलाच्या घरीं कोणास ठाऊक नसतें. शिंपल्याचें, चिंचोक्याचें, शेवग्याच्या पानाचें नांव मूल घेऊन येतें. जेथें वस्तु ओळखीची असते तेथें मूल बोलतें. किंबहुना तेथें शिक्षिकेस शिकविणारें तेंच असतें.

दुसरा प्रश्न मुलें येण्याचा. बालवाडी गांवांत भरे. परंतु अस्पृश्य मानलेल्या वस्तींतलीं व दूरच्या पाड्यांवरचीं मुलें तेथें येईनात. तेव्हां बालवाडीच त्यांच्या दारीं न्यावी, असें ठरलें. मुलांच्या स्वतःच्या अंगणांत भरणारी म्हणून ती अंगणवाडी. आज जो शब्द साऱ्या हिंदुस्थानांत रूढ झाला आहे त्याचें मूळ असें या कार्यांत आहे. अंगणांत बसून शिकवावयाचें म्हणजे शिक्षिकेच्या कानांवर तेथील घरांची बोली दिवसभर पडणार. आजी सूप पाखडीत असतांना काय म्हणते, आई धाकट्यास कशी निजविते, हें ती ऐकणार. आणि मुलाला तिच्याशीं बोलावयास परकें वाटणार नाहीं. शाळा मुलाकडे गेली, तशीच शाळेची भाषाहि मुलाच्या भाषेकडे चालत गेली.

१९५७ सालीं हें कार्य बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांच्या वस्तींत, गेलें. तेथें गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा निघाल्या. मूल गुरांमागें कुरणांत जातें, तर शाळाहि कुरणांत. थोरल्या बहिणीस धाकटें भावंड सांभाळावें लागतें म्हणून ती शाळेस मुकते, हें पाहून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र जोडण्यांत आलीं; त्या योजनेस विकासवाडी असें नांव पडलें. ताराबाईंस १९६२ सालीं पद्मभूषण व अनुताईंस १९८५ सालीं पद्मश्री हे सन्मान मिळाले. परंतु त्यांचा खरा सन्मान त्या पाड्यांवरील बोलक्या झालेल्या मुलांनींच केला, असें आम्हांस वाटतें.

आतां खेळ व गोष्ट हें कार्य कोणत्या रीतीनें साधतात, तें जरा जवळून पाहूं. चिमणी व कावळा यांच्या घरांची गोष्ट कोणास ठाऊक नाहीं? पावसांत घर वाहून गेलेला कावळा चिमणीच्या दारीं येतो व दार ठोठावतो. चिमणी दर वेळीं बाळाचें एक नवें काम सांगून त्यास थांबविते. मोठ्या माणसास हा विनोद वाटतो. मुलास मात्र तेथें एकच प्रश्न पुनःपुन्हां ऐकावयास मिळतो, आणि उत्तरांत न्हाऊं घालणें, पुसणें, नेसविणें, निजविणें हीं रोजचीं क्रियापदें क्रमानें येतात. तिसऱ्या वेळेस सांगणारीनें नुसता थांबा घेतला कीं, सारा वर्ग पुढील वाक्य आपण होऊन म्हणतो. जें मूल एकटें बोलावयास धजत नाहीं तें त्या समुदायांत बेधडक बोलतें. पाठांतर करा असें कोणीं सांगितलेलें नसतें. आणि तरीहि मराठी वाक्याचा एक सांचा त्याच्या मनांत कायमचा बसतो.

म्हातारी आणि भोपळा ही दुसरी गोष्ट घ्या. लेकीकडे जातांना म्हातारीस रानांतलीं जनावरें एकामागून एक भेटतात; येतांना तींच पुन्हां वाट पाहत असतात. आधीं कोण, मग कोण, शेवटीं काय झालें, हा क्रम मुलास ध्यानांत ठेवावा लागतो. ‘आधीं’, ‘नंतर’, ‘तोंपर्यंत’, ‘म्हणून’ हे शब्द येथें आपापलें काम करून दाखवितात. शिवाय भोपळ्यांत कोण बसलें आहे हें मुलास ठाऊक, पण वाघास नाहीं. दुसऱ्याच्या मनांत काय आहे याचा विचार करण्याची ही पहिली शिकवण. पुढें पुस्तक वाचून त्याचा अर्थ लावावयाचा तो याच शक्तीवर.

खेळांत भातुकलीसारखा भाषेचा गुरु नाहीं. तेथें मूल आई होतें, दुकानदार होतें, पाहुणा होतें. आणि प्रत्येकाच्या तोंडची भाषा निराळी असते. पाहुण्यास ‘बसा’ म्हणावयाचें व बाहुलीस ‘बस’ म्हणावयाचें, हा आदराचा भेद कोणत्याहि धड्यांत इतका सहज शिकतां यावयाचा नाहीं. दुकानाच्या खेळांत किती, केवढ्यास, जास्त, कमी, उधार, सुटे हे शब्द चलनांत येतात. समोर खरी वस्तु नसतां ती आहे असें मानून बोलणें, ही लेखनाची व वाचनाची प्रत्यक्ष पूर्वतयारी होय. कारण अक्षर तरी काय, समोर नसलेल्या वस्तूची खूणच नव्हे का?

तिसरा प्रकार ध्वनींच्या खेळांचा. ‘भोपळा’ हा शब्द टाळ्या वाजवून म्हणावा. तीन टाळ्या पडतात, आणि लिहितांनाहि तीनच अक्षरें होतात. इंग्रजी लिपीची ही सोय नाहीं. आमच्या बाळबोध लिपीची ती खुबी आहे. टाळीवर शब्द फोडावयास शिकलेलें मूल पुढें अक्षरें पाहतांच त्यांचा मेळ घालतें. ‘क’ नें आरंभ होणारीं नांवें शोधणें, मोठ्या मुलांस भेंड्या, यमकाचीं बडबडगीतें, हें सर्व याच वर्गांत मोडतें. ‘चमचा’ यांतला च निराळा व ‘चहा’ यांतला च निराळा. लेखनांत मात्र दोहोंस एकच खूण. हा भेद कानानें आधीं ओळखिला असेल तर वाचतांना मूल अडखळत नाहीं. त्याच्याच जोडीला हाताचे खेळ यावे. मातीचे गोळे वळणें, बियांच्या माळा ओवणें, ठिपक्यांवरून रांगोळी ओढणें, यांनीं बोटांस जी ताकद व वळण येतें त्यावांचून तीन वर्षांच्या मुलाच्या हातीं पेन्सिल देणें म्हणजे त्यास लेखनाचा कंटाळा शिकविणें होय.

चौथी गोष्ट आमच्या तीन गांवांस विशेष लागू पडणारी. वर्गांत एखाद्या दिवशीं पाण्याचीं नांवें गोळा करावीं. कोंकणी मूल ‘उदक’ म्हणेल, तमिळ ‘तण्णीर’, मल्याळी ‘वेळ्ळम’, तेलुगू ‘नीळ्ळु’. आणि सिंधी मुलाचें ‘पाणी’ ऐकून मराठी मुलास आपलाच शब्द भेटल्याचा आनंद होईल. असल्या खेळास खर्च कांहीं नाहीं. परंतु आपल्या घरचा शब्द शाळेंत मोठ्यानें उच्चारला गेला, हें ज्या मुलानें एकदां अनुभविलें तें शाळेचा शब्द घ्यावयास आनंदानें पुढें येतें. नव्या भाषेच्या वर्गांत मूल आरंभीं कांहीं काळ नुसतें ऐकत असतें. त्या काळांत त्यास बोलतें करण्याचा हट्ट धरूं नये. विहिरींत पाणी भरत असतांना पोहरा रिकामा आला म्हणून विहीर आटली, असें कोणी म्हणत नाहीं.

अर्वाचीन शास्त्राचाहि याला दुजोरा आहे. १९८६ सालीं गफ व टनमर या दोन विद्वानांनीं असें मांडलें कीं, समजून वाचणें म्हणजे अक्षरें उलगडण्याची शक्ति आणि ऐकलेली भाषा समजण्याची शक्ति, या दोहोंचा गुणाकार होय. त्यांनीं बेरीज म्हटली नाहीं, गुणाकार म्हटला. यांतच सारें मर्म आहे. गुणाकारांत एक संख्या शून्य असेल तर दुसरी कितीहि मोठी असो, उत्तर शून्यच. ज्या मुलास सर्व अक्षरें येतात पण भाषा येत नाहीं, त्याच्या वाचनाचा हाच हिशेब होय.

असें असतां आज वारा कोणत्या दिशेनें वाहत आहे? अंगणवाडी हा शब्द सरकारनें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेंत घेतला. आरंभीं देशभर तेहतीस ठिकाणीं असलेलें तें काम आज गांवोगांव पसरलें आहे. पोषण, लसटोंचणी व शिक्षण हीं तिन्हीं त्यांत आहेत. परंतु नोंदवह्यांच्या व आहाराच्या भारांत गोष्टीस वेळ उरत नाहीं, ही सेविकांची व्यथा खरी आहे. दुसरीकडे शहरांतील मातापितर मुलास तिसऱ्या वर्षींच लिहावयास लावणारा वर्ग शोधतात. ज्या भाषेंत घरीं कोणी एक वाक्य बोलत नाहीं त्या भाषेंतील अक्षरें, रंग व फळांचीं नांवें मूल घडाघडा म्हणून दाखवितें. पाहुणे टाळ्या वाजवितात. पण त्याच मुलास काल काय घडलें तें सलग चार वाक्यांत कोणत्याहि भाषेंत सांगतां येत नाहीं. इंग्रजी शिकूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. एका भाषेंत नीट गोष्ट सांगूं शकणाऱ्या मुलास दुसरी व तिसरी भाषा सुलभ होते. एकहि भाषा पक्की नसतां तीन भाषांचीं लिपिचिन्हें लादल्यानें तिन्हीं कच्च्या राहतात, एवढेंच आमचें सांगणें.

समाधानाची गोष्ट ही कीं, सरकारी धोरण आतां जुन्या अनुभवाकडे वळूं लागलें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन ते आठ वर्षांचा काळ हा पायाभूत टप्पा मानला. २०२२ सालीं त्या टप्प्याचा जो आराखडा प्रसिद्ध झाला त्यांत खेळ व घरची भाषा यांवर भर आहे. आणि २०२३ च्या फेब्रुवारींत खेळणीं, बाहुल्या, कोडीं व गोष्टी यांची ‘जादुई पिटारा’ नांवाची पेटीहि निघाली. पेटी निघाली हें ठीकच. परंतु बोर्डीचा अनुभव असा कीं, पेटीपेक्षां पेटी उघडणारीचें बोलणें अधिक मोलाचें असतें.

आमच्या ख्रिस्ती समाजास गोष्टीचें सामर्थ्य कोणीं नव्यानें समजावून सांगावयास नको. प्रभूनें लोकांस शिकविलें तें दृष्टांतांनीं. आणि फादर थॉमस स्टीफन्स यांनीं परदेशांतून येऊन येथील लोकांची वाणी आत्मसात् केली व १६१६ सालीं छापलेलें ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवींत रचिलें. ऐकणाऱ्याच्या भाषेंत, ऐकणाऱ्याच्या चालीवर सांगावें, हा धडा आमच्या घरांतच चारशें वर्षें पडून आहे. तो मोठ्यांपुरता ठेवून लहानांच्या बाबतींत विसरणें आम्हांस शोभत नाहीं.

तेव्हां करावयाचें तें सोपेंच आहे. घरीं आई-वडिलांनीं अथवा आजी-आजोबांनीं रोज एक गोष्ट आपल्या स्वतःच्या भाषेंत सांगावी. ती सिंधींत असो, मल्याळींत असो वा आगरींत असो. गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारूं नये. ‘मग तूं असतास तर काय केलें असतेंस?’ असें विचारावें, आणि उत्तर पुरें होईपर्यंत थांबावें. मुलाचें वाक्य चुकलें तर हंसूं नये. तेंच वाक्य नीट करून सहज परत म्हणावें. बालवर्गाच्या शिक्षिकेस दिवसांतला अर्धा तास गोष्टीसाठीं निर्भयपणें देऊं द्यावा, व त्या अर्ध्या तासांत वहींत काय लिहिलें तें तिला विचारूं नये. धर्मग्रामांत ज्यांचे गुडघे कुरकुरतात पण जीभ अद्याप तरतरीत आहे, असे वृद्ध पुष्कळ आहेत. आठवड्यांतून एकदां त्यांनीं बालवर्गांत जाऊन आपल्या बोलींतली एक गोष्ट सांगावी. मुलांस भाषा मिळेल, आणि त्या वृद्धांस श्रोते.

पुढील महोत्सवाची स्मरणिका जे लिहितील ते आज बालवर्गांत बसले आहेत. त्यांच्यापैकीं कोणाच्या घरीं कोणती भाषा बोलतात, हें आज आम्हीं विचारिलें, तर उद्यां तीं मुलें आमच्याविषयीं चार शब्द बरे लिहितील. त्या चार शब्दांची तयारी पाटीवर होत नाहीं. ती आज दुपारीं अंगणांत, भातुकलीच्या बोळक्यांभोंवतीं चालली आहे. तिला थोडी सवड द्यावी, हीच सर्व मातापितरांस व शिक्षकांस आमची नम्र विनंती.